जप्तीतली पुस्तके

आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत एक पत्र्याचे कपाट आहे. वरच्या खणांत हजेरीपत्रके, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि कोणाचा तरी कायमचा विसरलेला डबा. अगदी खालच्या खणात जप्तीचा माल. तास चालू असताना मुलांच्या हातून, दप्तरातून, बाकाखालून जे जे काढून घेतले जाते ते ते तेथे जाऊन पडते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी तो खण रिकामा करून माल रद्दीवाल्याला द्यावा असे ठरले, आणि चित्रकलेच्या मास्तराला दुसरे काय काम असते, या न्यायाने ती कामगिरी माझ्याकडे आली.

खणात दोन चेंडू, एक भोवरा, पत्त्यांचा अपुरा कॅट आणि बाकी सगळी पुस्तके निघाली. मोजली; एकेचाळीस भरली. नागराज, सुपर कमांडो ध्रुव, चाचा चौधरी, अमर चित्रकथेचे सात अंक, मुखपृष्ठ गळालेले दोन 'चांदोबा', भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. इंग्रजीत आलेल्या जपानी चित्रकथांचे चार खंड. नारायण धारपांची एक भयकथा. आणि वाचकहो, येथे मात्र मी खाली बसलो, जयंत नारळीकरांचे 'यक्षांची देणगी'. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञानदिनाच्या भाषणात ज्यांचे नाव आम्ही छाती फुगवून घेतो, त्यांचे पुस्तक आम्ही एका मुलाच्या हातून हिसकावून भोवऱ्याशेजारी कोंडून ठेवले होते!

'हल्लीची मुले वाचतच नाहीत' हे वाक्य मी नोकरीची वीस वर्षे ऐकत आलो आहे. पालकसभेत ऐकतो, वाचनालयाच्या ओट्यावर ऐकतो, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाटावरून ऐकतो. मग ही एकेचाळीस पुस्तके काय होती? मुले वाचत होती. आपण त्यांना पकडत होतो. आणि वाचत नाहीत अशी हाकाटी करणाऱ्या गृहस्थांच्या घरी मी जाऊन बघतो, तेव्हा तेथे केळीच्या भावाचा कागद आणि लग्नपत्रिका यांपलीकडे छापील काही दिसले, तर तो मला शुभशकुन वाटतो.

माझा या विषयात बोलण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारील. बेताचाच आहे. मी मॅट्रिक; त्यावर चित्रकलेची पदविका. तीन कादंबऱ्या लिहिल्या आहेत आणि त्यांच्या प्रती अजून विकत मिळतात, यावरून त्यांच्या खपाची कल्पना यावी. परंतु जप्तीच्या मालावर मी पोसलेला आहे, हे मी अभिमानाने सांगतो. आमच्या सावद्याहून बऱ्हाणपूर लांब नाही, आणि मध्य प्रदेशाची हद्द ओलांडून हिंदी चित्रकथा आमच्याकडे केळीच्या रिकाम्या गाड्यांसारख्या येत. एका दुकानात त्या भाड्याने मिळत. आठ आण्याला एक दिवस. वाचनालयात बाबूराव अर्नाळकरांची पाने सुटलेली पुस्तके होती. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाला मराठी वाङ्मयाच्या इतिहासांनी कितीसा कोपरा दिला, तो ज्याने त्याने मोजून पाहावा. आमच्याच भागातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची १९६३ सालची 'कोसला' मी एकोणिसाव्या वर्षी वाचली. ती मला पेलली, याचे निम्मे श्रेय मी झुंजाराला आणि काळ्या पहाडाला देतो. पुस्तक हातात धरून रात्री बाराला जागे राहण्याचा दम त्यांनी दिला होता. नेमाड्यांना ही वंशावळ मानवेल असे नाही. पण माझी तीच आहे.

आता विज्ञानकथेचे पाहा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कोणा गृहस्थांच्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. ते जगताप म्हणजे नारळीकरच होते. आपल्या आद्याक्षरांची त्यांनी उलटापालट केली होती. केंब्रिजला नाव गाजवून आलेल्या शास्त्रज्ञाला गोष्ट पाठवताना नाव झाकावेसे वाटले, ते परीक्षकांवर दडपण येऊ नये म्हणून. ही त्यांची सचोटी. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. आणि नारळीकरांना संमेलनाच्या अध्यक्षपदी बसायला कोणते साल उजाडावे लागले? २०२१! नाशिकच्या त्या संमेलनाला प्रकृतीमुळे ते येऊही शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा शोकसभांत विज्ञानकथेचे पोवाडे गाणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांची 'प्रेषित' किंवा 'वामन परत न आला' उघडली होती, हा प्रश्न सभ्यपणाने मी तेथे विचारला नाही. येथे विचारतो. लक्ष्मण लोंढ्यांची 'दुसरा आइन्स्टाईन', अरुण साधूंची 'विप्लवा', बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्या कथा कोणत्या पंक्तीला बसवायच्या, याचा निकाल लागेपर्यंत त्या वाचणारी पिढी म्हातारी झाली.

दोषही सांगतो, नाहीतर हे वकीलपत्र होईल. आपल्या पुष्कळशा विज्ञानकथांत दोन शास्त्रज्ञ चहा पीत बसतात, एक विचारतो, दुसरा पानभर व्याख्यान देतो, आणि चहा गार होतो. नागराजच्या मारामाऱ्या वीस पानांनंतर मलाच झोंबू लागतात. अमर चित्रकथेने १९६७ पासून घराघरांत पुराण आणि इतिहास पोचवला हे अनंत पै यांचे ऋण मोठे. परंतु तीत देव आणि राजे गोरे, राक्षस काळे, ही रंगपेटी कोठून आली, हे मी माझ्या सावळ्या मुलांच्या वर्गात बसून विचारतो. मात्र हे दोष पुस्तक वाचल्यावर दिसतात. न वाचता जप्ती करणाऱ्याला ते काढण्याचा हक्क नाही.

चित्रे असली की ते पुस्तक नव्हे, हा आणखी एक सिद्धान्त. तो मांडणाऱ्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, की हातातला दिवाळी अंक त्यांनी खाली ठेवावा. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढल्यापासून आजवर, अंक हाती आल्याबरोबर आपण आधी काय चाळतो? दलालांच्या चित्रांवाचून 'दीपावली' आणि खिडकीवाचून 'आवाज' कोणी घेतला असता? शि. द. फडणीसांची चित्रे तर एका शब्दावाचून सबंध गोष्ट सांगतात. त्यांनीच बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत चित्रे काढली, आणि आकड्यांना भिणारी मुले ती पाने उघडू लागली. पिंगुळीचे चित्रकथी तर चित्रांची पोथी समोर धरून रामायण गात आले. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली त्यासाठीच पद्मश्री मिळाली. म्हणजे चित्रात गोष्ट सांगणे परदेशातून आले नाही. आपल्याकडे ते होतेच. आपण त्याला पोटापुरते दिले नाही, म्हणून आज सावद्याचे पोर नागराज हिंदीत वाचते आणि जपानची गोष्ट इंग्रजीत.

त्या जपानी खंडांपैकी 'वन पीस' मी घरी नेला. एईचिरो ओदा ही चाच्यांची गोष्ट १९९७ पासून लिहितो आहे आणि शंभरावर खंड झाले तरी ती संपलेली नाही. पहिले दोन दिवस मला काहीच कळेना, नववीतल्या मुलाने पाहिले आणि म्हणाला, "सर, उलटीकडून लावा." ती पुस्तके उजवीकडून डावीकडे वाचायची असतात, हे त्याला ठाऊक आणि मला नाही! पुढे आठ दिवसांत खंड संपवला. ताणलेली आहे, पण भूक, दोस्ती आणि दिलेला शब्द यांवर त्या ओदाने जे लिहिले आहे, ते संस्कारकथा म्हणून आम्ही मुलांच्या गळी उतरवतो त्याहून खरे आहे. संस्कारांचा विषय निघाला की आमच्या खानदेशात साने गुरुजींचे नाव हटकून येते. येऊ द्या. परंतु अमळनेरच्या छात्रालयात गुरुजी मुलांची पुस्तके जप्त करत बसले नाहीत. त्यांच्यासाठी त्यांनी 'छात्रालय' नावाचे दैनिक हाताने लिहून काढले. ते आपल्याच्याने होणार नाही, म्हणून आपण त्यांच्या तसबिरीला हार घालून कपाटाला कुलूप लावतो.

येथवर मी इतरांना बोललो. खणाच्या तळाशी एक दोनशे पानी वही होती, ती मी स्वतः जप्त केली होती. गणिताचे शिक्षक रजेवर, मी त्यांच्या तासाला. आणि मागच्या बाकावर एक मुलगा मान खाली घालून काहीतरी काढत होता. चित्रकलेच्या मास्तराने चित्र काढणाऱ्या मुलाला पकडले. वही न उघडताच खणात टाकली. ती मी पाच वर्षांनी उघडली. तापी कोरडी पडली आहे, २१०० सालचे एक आकाशयान हतनूरच्या धरणात उतरते, आणि त्यातून आलेला मुलगा सावदा स्टेशनावर उभा राहून लोकांना पाणी मागतो. लोकांना त्याची भाषा समजत नाही. ते त्याला केळी देतात. छत्तीस पाने झाली होती. सदतिसाव्यावर नुसत्या चौकटी.

मुलगा आता केळीच्या गाड्या भरतो. वही घेऊन मी त्याच्याकडे गेलो. घड उतरवून ठेवून त्याने हात पँटला पुसले, पाने उलटली आणि हसला. "सर, हे मी काढलं होतं?" मी माफी मागितली, तर तोच ओशाळला. त्याचे वडील शेजारी उभे होते, म्हणाले, "तव्हा सांगतलं असतं तं, सर, पोराले रंग घेऊन देले असते." वही त्याने परत माझ्याच हातात दिली, घरी पावसाळ्यात गळते, म्हणाला.

पुस्तके रद्दीत गेली नाहीत. कपाटाच्या खालच्या खणाची किल्ली सध्या माझ्याजवळ आहे, आणि शनिवारच्या शेवटच्या तासाला तो माल सतरंजीवर मांडला जातो. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली नाही, मनाईही केली नाही. नारळीकरांसाठी नंबर लागतो. धारप घरी न्यायला मुलींची झुंबड. परवा सहावीतल्या एका मुलीने ती दोनशे पानी वही संपवली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली. पुढे काय झाले, हे तिला हवे होते. मी त्या मुलाकडे निरोप धाडला. गाड्यांची घाई ओसरली की शाळेत येतो, असे त्याने कळवले आहे. रंगाची पेटी मी आणून ठेवली आहे.