तारणावाचून

इ.स. 1730 च्या सुमारास लिंकनशायर परगण्यातील बॅरो नावाच्या आडगावातला जॉन हॅरिसन नामक एक सुतार, भर समुद्रातही अचूक वेळ दाखवील अशा घड्याळाचे आराखडे बगलेत मारून लंडनला आला, आणि राजज्योतिषी एडमंड हॅले यांच्या सल्ल्यावरून, परंतु मनातून बराच साशंक होऊन, जॉर्ज ग्रॅहॅम या त्या काळच्या अग्रगण्य घड्याळजीच्या दारात उभा राहिला. साशंक होण्यास कारण सबळ होते. भर समुद्रात रेखांश निश्चित करण्याची खात्रीची रीत जो शोधून काढील त्यास 20,000 पौंडांपर्यंत इनाम देण्याचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने 1714 सालीच मंजूर केलेला होता. आणि ज्या युक्तीवर एवढी दौलत अवलंबून आहे ती युक्ती त्याच धंद्यातल्या, आपल्याहून वजनदार आणि साधनसंपन्न अशा माणसापुढे उलगडून ठेवण्याचा सल्ला कोणत्याही व्यवहारचतुर वकिलाने दिला नसता. सकाळी दहाच्या सुमारास सुरू झालेले बोलणे, जे आरंभी काहीसे खडाजंगीचेच होते, रात्री आठपर्यंत चालले. मध्यंतरी ग्रॅहॅमने पाहुण्यास आपल्या पंक्तीला जेवू घातले, आणि निरोप देतेवेळी घड्याळ बांधण्याच्या खर्चासाठी पदरची रक्कम बिनव्याजी व कसलेही तारण न घेता त्याच्या स्वाधीन केली.

या हकीकतीतला खरा मर्माचा तपशील मात्र पैशाचा नाही. उष्णतेने धातू लांबतो, थंडीने आखडतो, आणि त्यामुळे लोलकाची गती बिघडते, हे घड्याळजींचे जुने दुखणे. पितळ आणि पोलाद यांच्या प्रसरणातील फरकाचा उपयोग करून ते दूर करण्याचा प्रयत्न ग्रॅहॅमने स्वतः करून पाहिला होता, आणि यश न आल्यामुळे तो सोडून देऊन पाऱ्याचा मार्ग धरला होता. हॅरिसनने त्याच दोन धातूंच्या कांबी शेजारी शेजारी गुंफून, एकीची वाढ दुसरीने खोडून काढावी अशी जाळी रचली आणि तो प्रश्न निकालात काढला. म्हणजे ज्या जागी आपण हात टेकले तेथून एक खेडवळ सुतार पार निघून गेला आहे, हे समजून उमजून ग्रॅहॅमने थैलीचे तोंड सोडले. उसनवारीला औदार्य लागतेच. परंतु आपल्याला मागे टाकणाऱ्यास उसने देण्याकरिता जे लागते ते औदार्याहूनही दुर्मीळ असते, आणि लंडनकर त्या गृहस्थास ‘प्रामाणिक जॉर्ज’ म्हणत ते काही उगाच नव्हे.

जुन्या मनगटी घड्याळांचा नाद असलेल्या मंडळींत माझे येणे-जाणे वाढल्यापासून ग्रॅहॅमची आठवण वारंवार होते. ही मंडळी कोणी फार मोठी नव्हेत. निवृत्त बँक अधिकारी, शाळामास्तर, रेल्वेतले अभियंते, औषधविक्रेते, एखाददुसरा डॉक्टर, आणि अलीकडे संगणकाच्या कंपन्यांतली तरुण मुले. त्यांच्या भक्तीचे मुख्य दैवत म्हणजे आपली एचएमटी. 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे या सरकारी कारखान्यात घड्याळे तयार होऊ लागली, आणि पुढे दोनतीन दशके मॅट्रिक पास झालेल्या मुलाच्या, बोहल्यावर चढणाऱ्या जावयाच्या आणि सेवानिवृत्त होणाऱ्या कारकुनाच्या मनगटावर जनता, सोना, पायलट, कोहिनूर वा कांचन यांपैकी काहीतरी चढल्यावाचून मध्यमवर्गीय घरातला समारंभ पुरा होत नसे. पुढे क्वार्ट्झची लाट आली, कारखान्याचा तोटा वर्षानुवर्षे फुगत गेला, आणि जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तो बंद करण्यास रीतसर मंजुरी दिली.

या एका सरकारी निर्णयाने हौशी लोकांच्या परस्परव्यवहाराचे स्वरूपच पालटले. ‘जनता’ घड्याळाच्या सतरा ज्वेलांच्या मशीनमधले झुलते तोलचाक सेकंदास पाच ठोके, म्हणजे दिवसाकाठी 4,32,000 ठोके टाकीत असते. त्या चाकाचा आस, ज्यास कारागीर नुसते ‘स्टाफ’ म्हणतात, केसाहून किंचित जाड अशा दोन टोकांवर उभा असतो, आणि घड्याळ फरशीवर आपटले की बहुधा तोच मोडतो. झटका सोसण्याची सोय मशीनमध्ये असते, तबकडीवर तसे छापलेलेही असते, पण प्रत्येक सोसण्याला मर्यादा आहेच. पूर्वी असा आस दुकानात विकत मिळे. आता तो नव्याने तयार होत नाही. जो मिळावयाचा तो एखाद्या जुन्या पेटीत पडून राहिलेल्या शिल्लक मालातून, किंवा दुसऱ्या निकामी घड्याळाच्या पोटातून. तेव्हा आज जो मनुष्य दुसऱ्यास असा भाग काढून देतो तो केवळ दोनशे रुपयांची वस्तू देत नाही, तर पुन्हा कधीही भरून न निघणाऱ्या साठ्यातला आपला हिस्सा कमी करून घेतो, आणि उद्या स्वतःचेच घड्याळ पडले तर हात चोळीत बसण्याची जोखीम पत्करतो.

आणि तरीही लोक देतात. रत्नागिरीकडच्या एका शिक्षकाच्या दिवंगत वडिलांचे घड्याळ असेच पडून बंद झाले होते. आमच्यातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने त्यास एक आख्खे चालते मशीन टपालाने पाठवून दिले. किंमत घेतली नाही, टपालखर्चही घेतला नाही. अट एवढीच घातली की, त्यातला लागेल तो भाग काढून घेतल्यावर उरलेले मशीन जपून ठेवावे आणि पुढे ज्या कोणास गरज पडेल त्यास याच अटीवर पाठवावे. आयुष्यभर कर्जाच्या अर्जांवर ‘तारण अपुरे’ असा शेरा मारून ते नामंजूर करण्यात ज्याचा हातखंडा होता, त्याने हे केले याचे मला अद्याप नवल वाटते. ते मशीन आता कोणाकडे आहे हे त्यास ठाऊक नाही, आणि त्याविषयी तो चौकशीही करीत नाही.

या मंडळींचे काही अलिखित शिरस्ते आहेत, आणि नवख्यास ते कोणी शिकवीत नाही. पाहून पाहून यावे लागतात. दुसऱ्याचे घड्याळ हातात घेण्यापूर्वी आपली अंगठी व धातूचा पट्टा काढून ठेवावा. घड्याळ नेहमी मऊ फडक्याच्या वर धरावे, म्हणजे निसटले तरी फडक्यावर पडेल. मालकाच्या परवानगीवाचून किल्ली देऊ नये, आणि तारीख तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान स्वतःच्या घड्याळाचीसुद्धा बदलू नये, कारण त्या वेळी तारखेची चक्रे एकमेकांत गुंतू लागलेली असतात आणि जबरदस्ती केल्यास दाता तुटतो. ‘केवढ्याला घेतले?’ हा प्रश्न, जो आपल्याकडे भाजीपासून बंगल्यापर्यंत कोणासही निःसंकोचपणे विचारला जातो, येथे अशिष्ट समजतात. ज्याला सांगावयाचे असते तो आपण होऊन सांगतो, आणि स्वस्तात मिळाले असल्यास हमखास सांगतो!

देवघेवीचा रिवाजही पाहण्यासारखा आहे. एकाने दुसऱ्यास आपल्या संग्रहातले घड्याळ आपल्या खरेदीच्याच भावात दिले, तर घेणाऱ्यावर अशी जबाबदारी येते की, पुढे मन उडाले तरी ते बाजारात नेण्यापूर्वी मूळ मालकास प्रथम विचारावे. याचा दस्त होत नाही, साक्षीदार नसतात. हा करार मोडणाऱ्यास कोणी जाब विचारीत नाही. पुढच्या वेळी त्याला कोणी काही देत नाही इतकेच. विकताना दोष लपवू नयेत हेही ओघानेच आले. विशेषतः जुन्या घड्याळांच्या काट्यांवर अंधारात चमकणारा जो लेप असतो त्यात रेडियम असल्याचा संशय असल्यास ते सांगितलेच पाहिजे. चमक केव्हाच विझलेली असते, परंतु रेडियमचे अर्धे आयुष्य सुमारे 1,600 वर्षांचे असल्यामुळे त्याचा किरणोत्सर्ग मालकांच्या पिढ्या उलटल्या तरी चालूच राहतो. असे घड्याळ घरी उघडून तो लेप खरवडू नये, हे दोन वाक्यांत सांगून टाकणे हीदेखील सभ्यताच.

परंतु या सर्वांहून अवघड अशी एक कसोटी आहे, आणि तिचा संबंध, सांगण्यास थोडा संकोच वाटतो, आमच्या मुंबईशी आहे. सेको, एचएमटी, वेस्ट एंड, फेवर ल्यूबा अशा जुन्या घड्याळांच्या झिजलेल्या तबकड्या खरवडून, त्यांवर नवा, बहुधा भडक रंग चढवून, अक्षरे पुन्हा छापून, निरनिराळ्या घड्याळांतले भाग एकत्र जुळवून तयार केलेली घड्याळे या शहरातून जगभर गेली आणि जगभरच्या शौकिनांत ‘मुंबई स्पेशल’ या नावाने बदनाम झाली. जाणत्यास ती लांबूनच कळतात. अक्षरांची जाडी असमान असते. कारखान्याने कधी काढलाच नाही असा नारिंगी किंवा पोपटी रंग असतो. सेकोच्या तबकडीवर अगदी खालच्या कडेला जो सूक्ष्म संकेतांक असावयास हवा तो गायब तरी असतो किंवा चुकीचा तरी असतो. या कारागिरांस सरसकट लबाड ठरविण्यास मी तयार नाही. आखातातून परतलेल्या भावाने आणलेल्या सेको फाईव्हची तबकडी डागाळली तर ती रंगवून घेणे यात मालकास लबाडी दिसत नव्हती आणि रंगाऱ्यासही नव्हती. भांड्याला कल्हई करून घ्यावी तितकीच ती सरळ गोष्ट होती. लबाडी सुरू होते ती ‘अस्सल जुने, जसेच्या तसे’ असे सांगून ते विकण्यात.

आता असे पाहा, की एखादा विशीतला मुलगा पहिल्या पगारातून घेतलेले असले घड्याळ मोठ्या हौसेने मंडळींपुढे ठेवतो, आणि विचारतो, ‘काका, कसं आहे?’ खोटे बोलावे तर तो उद्या तसलीच आणखी चार घेऊन बसेल. खरे तडकन सांगावे तर त्याचा चेहरा उतरेल, आणि घड्याळाचा नाद कायमचा सुटेल. दोन्ही प्रकारची माणसे मी पाहिली आहेत. आपले ज्ञान दाखविण्याच्या भरात भिंग लावून एकेका दोषाचा पंचनामा करणारे पंडित प्रत्येक बैठकीत असतातच, आणि त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर असते, हीच त्यांची अडचण. याउलट आमच्यातल्या एका वृद्ध औषधविक्रेत्याची रीत मला फार आवडते. तो प्रथम घड्याळ कानाशी नेतो, ठोके ऐकतो, ‘मशीन निरोगी आहे’ म्हणून सांगतो, आणि ते बहुधा खरेच असते. मग स्वतःजवळची अस्सल तबकडी काढून त्या मुलाच्या हातात देतो व दोन्ही शेजारी ठेवून पाहावयास सांगतो. फरक काय तो मुलगा स्वतःच शोधून काढतो. काका मध्ये बोलत नाहीत. पाच मिनिटांत मुलाला सत्य कळलेले असते, पण ते त्याने मिळविलेले असते, त्याच्यावर लादलेले नसते. आणि फसवले गेल्याच्या दुःखात काही ओळखता येऊ लागल्याचा आनंद मिसळलेला असतो. सत्य आणि सौजन्य यांत नेहमी झगडा असतो असे म्हणणाऱ्यांना ती पाच मिनिटे दाखवावीत असे मला वाटते.

कारखाना बंद झाल्यावर एचएमटीचे भाव चढले, आणि डझनांनी घड्याळे घेऊन चढ्या दराने विकणारे निघाले, त्यांच्याविषयी फार लिहिण्याजोगे नाही. व्यापार हा गुन्हा नव्हे. परंतु जुन्या वडीलधाऱ्याकडून ‘मला संग्रहाला हवे आहे’ असे सांगून कवडीमोलाने घ्यावे आणि आठवड्यात तिप्पट भावाने विकावे, याला मंडळींत जे नाव आहे ते वर्तमानपत्रात छापता येणार नाही.

ज्ञानाच्या बाबतीत या लोकांचा हात जितका मोकळा असतो तितका मी अन्य कोणत्याही छंदात पाहिलेला नाही, आणि त्याला मोठी परंपराही आहे. हॅरिसनची समुद्री घड्याळे ग्रीनिच येथे गंजून, काळवंडून, विस्मृतीत पडली होती. 1920 साली रूपर्ट गूल्ड नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने, जो घड्याळजीचा धंदा कधी शिकला नव्हता आणि ज्याने तो केलाही नव्हता, ती साफ करण्याची परवानगी मागितली आणि पुढची तेरा वर्षे एक छदामही मोबदला न घेता त्या कामाला वाहून दिली. त्यातल्या तिसऱ्या घड्याळात एकट्यात 753 भाग आहेत. या माणसाने आपण काय उघडले, काय कोठे बसविले याची टिपणे वह्यांमागून वह्या भरून ठेवली, आणि समुद्री घड्याळांच्या इतिहासावर 1923 साली ग्रंथ लिहून आपल्याजवळ जे होते ते सर्वांच्या हवाली केले. ग्रॅहॅमने विनातारण दिलेल्या पैशाची अशी फेड दोनशे वर्षांनी एका हौशी माणसाने केली असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु गूल्डच्या मनात असा काही हिशेब असल्याचे दिसत नाही.

एवढी स्तुती केल्यावर या मंडळींच्या एका कृपणतेची नोंद न करणे हा पक्षपात होईल. मशीन देतील, काच देतील, किल्ली देतील, हेअरस्प्रिंग सरळ कशी करावी हे तासभर फोनवर समजावून सांगतील. परंतु ‘तुमचा कारागीर कोण?’ असे विचारताच त्यांची मुद्रा दप्तर तपासावयास आलेल्या अधिकाऱ्यासमोरच्या तलाठ्यासारखी होते. कोणी म्हणतो, तो हल्ली काम घेत नाही. कोणी म्हणतो, त्याची दृष्टी अधू झाली आहे. कोणी विषयच बदलतो. कारण उघड आहे. मोडका आस नव्याने बसवून देणारा हात आता शहरात एखाददुसराच राहिला आहे, आणि त्याच्या टेबलावर आधीच तीन महिन्यांची रांग आहे. मला स्वतःला हा आप्पलपोटेपणा मुळीच पसंत नाही, आणि मंडळींना मी तसे वेळोवेळी बजावीतही असतो. माझा कारागीर एका जुन्या पेठेत, एका जिन्याखाली बसतो. कोणत्या पेठेत, हे मात्र या सदरात सांगण्यास जागा उरलेली नाही.