यो-योच्या आकड्याला किती मान द्यायचा?

२०१८च्या आयपीएलमध्ये अंबाती रायुडूने ६०२ धावा केल्या, इंग्लंडमधल्या एकदिवसीय मालिकेसाठी त्याची निवड झाली आणि यो-यो चाचणीत १६.१ची पातळी गाठता न आल्याने त्याचे नाव कापले गेले. तेव्हा वाद रंगला तो धावा मोठ्या की दम मोठा, यावर. चाचणी नेमके काय मोजते, हा प्रश्न मागेच राहिला. डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांनी ती फुटबॉलसाठी बेतली. २० मीटर धावायचे, वळून तेवढेच परत यायचे, १० सेकंद सावरायचे, आणि बीपचा वेग चढत जाईल तसे टिकून राहायचे. प्रयोगशाळेतला खेळाडू मात्र मास्क लावून ट्रेडमिलवर पार थकेपर्यंत धावतो, आणि त्याचे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरते ते थेट मोजले जाते. ऑक्सिजन मोजण्यात याला तोड नाही. पण ट्रेडमिलवर वळावे लागत नाही, थांबून पुन्हा सुटावे लागत नाही, आणि सांघिक खेळात बहुतेक वेळ हेच चालते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅनिश अभ्यासात हंगामापूर्वीच्या सरावाने फुटबॉलपटूंची यो-यो कामगिरी सुमारे २५ टक्क्यांनी सुधारली, ऑक्सिजनची कमाल क्षमता मात्र ७ टक्क्यांनीच. सरावाने कमावलेले बरेच काही मास्कच्या नजरेतून सुटले, असाच याचा अर्थ. सामन्यातल्या वेगवान धावण्याशीही यो-योचा चांगला मेळ दिसला. म्हणून सांघिक खेळात पहिला मान मैदानी चाचणीचा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर आक्षेप येतो की मैदानावर वारा, ऊन, बुटांची पकड, खेळाडूची मर्जी असे सगळे मिसळते. खरे आहे. (मर्जी ट्रेडमिलवरही लागतेच.) पण या आक्षेपाचा खरा तडाखा चाचणीला नव्हे, तर तिच्यावर ओढलेल्या उत्तीर्णतेच्या रेषेला बसतो. त्याच अभ्यासात फेरचाचणीतला फरक ५ टक्क्यांच्या आसपास होता. १६.१ म्हणजे ११२० मीटर. त्याचे ५ टक्के ५६ मीटर, आणि एक फेरी ४० मीटरची. मग एका फेरीने हुकलेल्याला नापास ठरवण्यात विज्ञान कितीसे उरते? शिवाय तो का हुकला, हे आकडा सांगत नाही. वळताना वेळ गेला, वजन आडवे आले की फुप्फुसे-हृदयच कमी पडले? इथे प्रयोगशाळेकडे जावे: निवडीसाठी नव्हे, निदानासाठी. रेषा नसेल तर खेळाडू ढिले पडतील, ही प्रशिक्षकांची भीती रास्त आहे; पण खेळाडूची तुलना त्याच्याच मागच्या आकड्यांशी केली तर ढिलाई लपत नाही, उलट लवकर उघडी पडते.

भारतीय क्रिकेट मंडळाने २०२१ मध्ये २ किलोमीटर धाव आणताना वेगवान गोलंदाजांना ८ मिनिटे १५ सेकंद आणि इतरांना ८ मिनिटे ३० सेकंद दिले. भूमिकेप्रमाणे दम वेगळा लागतो, एवढे तरी त्यात मान्य झाले. खेळाप्रमाणे तो याहून वेगळा. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब, चढाई ३० सेकंदांची; तिथे २० मीटरची सरळ धाव कुठून आणणार? कबड्डीपटूला यो-योच्या रेषेवर तोलण्यापेक्षा चढाई, पकड आणि मधली उसंत यांच्या मापाची चाचणी बेतावी. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मॅट, शिट्टी आणि घड्याळ आपल्या तालुक्याच्या संघाकडेही असते.