"असेंब्लीच बदला, सर!"

तर झालं असं, की दिवाळीनंतर आमच्या गाडीच्या मागच्या बाजूने गुरगुर सुरू झाली. ताशी ४० च्या पुढे गेलं की वाढत जायची, ६० ला तर विमानात बसल्यासारखं वाटायचं. गाडी जुनी, डिझेल, मागच्या चाकांना ताकद जाणारी. (कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं की मुद्दा राहतो बाजूला आणि 'तरी मी म्हणतच होतो' वाले जमा होतात.) पहिले तीन आठवडे मी तेच केलं जे कुठलाही सुशिक्षित माणूस करतो. गाण्यांचा आवाज वाढवला.

शेवटी वर्कशॉप. चकाचक काचा, एसी, कॉफीचं मशीन. टाय लावलेल्या मुलाने आवारातल्या आवारात एक चक्कर मारली, टॅबवर काहीतरी टिपलं आणि म्हणाला, "सर, रिअर ॲक्सल गेलाय. पूर्ण असेंब्लीच बदला, टेन्शनच नको." अंदाज ५८ हजार. मी विचारलं, आत नेमकं काय गेलंय? तर म्हणे, "आम्ही ते खोलत नाही सर."

आता जो आवाज ४० च्या पुढे येतो तो आवारात १५ च्या वेगाला याला कसा ऐकू आला, हा एक प्रश्न. पण ते सोडा. काय बिघडलंय हे माहीत नाही, काय बदलायचं हे मात्र माहीत आहे! आपल्याकडे प्रॉडक्शनला बग आल्यावर कोणी लॉग न उघडताच "अख्खा सर्व्हर नवा घेऊ" म्हणाला, तर पुढच्या अप्रेझलला त्याचं काय होईल ते तुम्हीच सांगा.

मुळात ॲक्सल ही एक वस्तू नाहीच. बाहेर लोखंडी हौसिंग, मधोमध डिफरन्शियल, त्यात क्राउन आणि पिनियन, दोन्ही बाजूंना शाफ्ट, टोकांना बेअरिंग आणि ऑइल सील. यातला प्रत्येक भाग वेगळ्या सुरात रडतो. क्राउन-पिनियन झिजले असतील तर बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की तो बदलतो, कारण दातांवरचा भार एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जातो. गाडी उचलताना 'टक्' वाजलं तर आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बघायचे. रस्ता बदलला की आवाज बदलत असेल तर तो बहुधा टायरचा. आणि ॲक्सिलरेटरशी काही देणंघेणं नसलेली, फक्त वेगाबरोबर वाढणारी गुरगुर असेल तर संशय चाकाच्या बेअरिंगवर. हे ओळखायला कॉम्प्युटर लागत नाही. कान लागतो आणि वीस मिनिटं.

ती वीस मिनिटं मला एका पत्र्याच्या शेडमधल्या मिस्त्रीने दिली. गाडीत बसल्याबसल्या त्याचं पहिलं वाक्य : "साहेब, गाणी बंद करा आधी." मोकळ्या रस्त्यावर ६० ला मला गाडी न्यूट्रल करायला लावली. आवाज तसाच. म्हणजे इंजिन सुटलं, पिनियनवरचा संशयही बराच कमी झाला. मग हलकेच डावीकडे वळवायला सांगितली. वळणात वजन बाहेरच्या, म्हणजे उजव्या चाकावर येतं. गुरगुर वाढली. उजवीकडे वळवल्यावर दबली. "उजवं बेअरिंग," तो म्हणाला आणि शेडमध्ये परत येईपर्यंत मुलाच्या दहावीबद्दल बोलत बसला. खात्री म्हणून गाडी जॅकवर घेतली, पाट्यावर हात ठेवून एकेक चाक फिरवलं. मलाही हात ठेवायला लावला. उजवीकडे हाताला खरखर लागली, अगदी स्पष्ट.

शाफ्ट बाहेर काढला, जुनी कॉलर कापली, नवं बेअरिंग आणि नवी कॉलर प्रेसवर बसवली. ऑइल काढलं तर ताकासारखं पांढरट! पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाडी काढल्याचं हे फळ. गरम हौसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आक्रसते, आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणजे ५८ हजारांची नवी असेंब्ली टाकूनही, मी पुढच्या जुलैत तेच केलं असतं तर तीही गेली असती. ब्रीदर साफ, दोन्ही सील नवी, ऑइल नवं. एकूण ४,१५०.

आता लगेच "मेकॅनिकच भारी, कंपनीवाले चोर" असं म्हणायचं नाहीये मला. दात तुटला असेल, हौसिंग वाकलं असेल तर असेंब्ली बदलणंच शहाणपणाचं. क्राउन-पिनियन जोडीनेच घासून जुळवलेले असतात, त्यामुळे एकटं पिनियन बदलणारा माणूस तुम्हाला फसवतोय. जोडी बसवतानाही शिम लावून, डायल गेजवर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या हिशोबात मोकळीक धरावी लागते, दातांना रंग लावून ठसा बघावा लागतो. 'अंदाजे' आवळणाऱ्याकडे हे काम दिलंत तर नवी जोडी पहिल्या दिवसापासून ओरडेल. आणि बेअरिंगकडे दुर्लक्ष करणं हाही पर्याय नाही. अशा ॲक्सलमध्ये ते पार गेलं तर शाफ्टसकट चाक बाहेर येऊ शकतं.

माझं भांडण न शोधता बदलण्याशी आहे. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुट्या भागांच्या प्रकरणात १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळत नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा होता (पुढे अपिलं झाली, ती वेगळी कथा). २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात गाड्याही आहेत. सगळं छान. पण त्या टायवाल्या मुलाचा कागद आठवा. त्यात पार्टसाठी रकाना होता, लेबरसाठी होता. बिघाड शोधण्यासाठी रकानाच नव्हता. जे काम बिलात लिहिता येत नाही ते कोण कशाला करेल?

आणि तो रकाना कोणी खोडला? आपण. "नुसतं बघायचे पाचशे?" म्हणून मिस्त्रीशी हुज्जत घालणारे आपणच, आणि एसीत बसून ५८ हजारांवर सही करणारेही आपणच. स्वतः मात्र 'ॲनालिसिस'चे तास क्लायंटला बिनदिक्कत लावतो! मिस्त्रीच्या हाताखालचा पोरगा गेल्या वर्षी डिलिव्हरीच्या कामाला गेला, तिथे रोजचे पैसे रोज मिळतात. आवाज ओळखायला तो आता कोणाकडून शिकणार?

पैसे देताना मी मिस्त्रीला म्हटलं, आवाज शोधल्याचे पाचशे वेगळे लावा. तो हसायला लागला. "ऐकायचे कसले पैसे साहेब?" मी हट्टच धरला. मग त्याने डोकं खाजवलं, पेन उघडलं आणि बिलाच्या शेवटी लिहिलं : इतर, ५००.