घेताना महानगर, देताना गाव

हैदराबादेत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला आज या शहरात स्वतःचे घर परवडत नाही, भाड्याचे घर टिकत नाही आणि मुलांची शाळा पेलत नाही. ही गोष्ट चार भिंतींच्या आत सगळे बोलतात, सभेत मात्र कोणी बोलत नाही. दरवर्षी गणेशोत्सवाच्या व्यासपीठावर नेत्यांना शाल-श्रीफळ देऊन आपण त्यांच्याकडे काय मागतो? समाजभवनासाठी जागा! भवन जरूर व्हावे. पण त्या भवनात येऊन बसणारी कुटुंबे शहरात राहणार आहेत की नाहीत, हा प्रश्न आधीचा आहे.

मी बँकेतला साधा कारकून, शिक्षणाने बी. कॉम. मोठमोठी तत्त्वे मला मांडता येत नाहीत, आकडे मांडता येतात. म्हणून आकडेच मांडतो.

एक कुटुंब धरू. नवरा-बायको दोघे नोकरी करतात, दोघांचे मिळून महिन्याला ८०,००० रुपये हातात येतात. दोन मुले, घरात एक वृद्ध. घरभाडे २२,०००, सोसायटीचा मेंटेनन्स २,५००, दोन मुलांच्या शाळेचा सर्व खर्च १४,०००, किराणा-दूध-भाजी १४,०००, पेट्रोल ५,०००, वीज-गॅस-फोन ४,५००, औषधपाणी व विम्याचा हप्ता ६,०००. बेरीज ६८,०००. उरले १२,०००. याच बारा हजारांत सणवार, कपडे, पाहुणेरावळे, गावाकडचे लग्न आणि अचानक आलेले आजारपण. या यादीत हॉटेल नाही, सहल नाही, मोटार नाही. ज्यांना यात उधळपट्टी दिसते त्यांनी कोणता आकडा खोडायचा ते सांगावे.

आता घराचा हिशेब. अकराशे चौरस फुटांचा दोन बेडरूमचा फ्लॅट, भाव सात हजार रुपये फूट धरा. किंमत ७७ लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. ६० लाख कर्ज मिळाले असे समजू. म्हणजे १७ लाख पदरचे. मुद्रांक व नोंदणी मिळून साडेसात टक्के, म्हणजे ५ लाख ७७ हजार ५००. हा दर २०२१ च्या जुलैपर्यंत सहा टक्के होता, तेव्हा तो वाढवला गेला. बांधकाम चालू असेल तर पाच टक्के जीएसटी, ३ लाख ८५ हजार. एकूण २६ लाख ६२ हजार रुपये आधी हातात हवेत. वरचे कुटुंब उरलेले बारा हजार एकही पैसा न मोडता बाजूला टाकत राहिले, तर ही रक्कम जमायला साडेअठरा वर्षे लागतील. तोवर भाव थांबून राहणार आहेत काय? आणि जमलीच, तर ६० लाखांचा २० वर्षांचा हप्ता ८ टक्क्यांनी ५०,१८६ रुपये. ८० हजारांतून तो वजा करा आणि शाळा, किराणा, औषधे कशातून आणायची ते मला सांगा. मुळात एवढ्या पगारावर एवढा हप्ता बसत नाही म्हणून बँक अर्जच परत करते.

आमचे वडीलधारे म्हणतात, “आम्ही एका पगारात घर चालवले, बहिणींची लग्ने केली, तुम्ही दोघे कमावता तरी रडता.” त्यांचा मान राखून सांगतो, तुमच्यापैकी बहुतेकांनी घर चालवले ते वडिलांनी बांधलेल्या घरात राहून. काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार, बरकतपुरा, नारायणगुडा या भागांतल्या त्या घरांना भाडे नव्हते. मुले पायी जाता येईल अशा मराठी शाळेत जात होती. आमच्या ६८ हजारांतून घरभाडे, मेंटेनन्स, खासगी शाळा आणि पेट्रोल काढून टाका, मग आमचाही संसार एका पगारात होतो. तुमची काटकसर खरी होती, पण तिच्या पाठीशी एक घर उभे होते.

ते घर आता कुठे गेले, हेही पाहू. दोनशे गजांवरचे वडिलोपार्जित घर, चार भाऊ वाटेकरी. बिल्डर येतो, अर्धे-अर्धे वाटून घेऊ म्हणतो. जुने घर पडते, इमारत उभी राहते, चौघांच्या वाट्याला एकेक लहान फ्लॅट किंवा रोख रक्कम येते. ज्याने रोख घेतली त्याची रक्कम मुलीच्या लग्नात आणि मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीमध्ये जाते. तो अमीनपूरला नाही तर घटकेसरला भाड्याने राहायला जातो आणि जुन्या वस्तीत परत येत नाही. पुढच्या वर्षी आपल्या वाचनालयाचा एक वर्गणीदार कमी होतो. शाळेचा पट का घटला याची चिंता वाहणाऱ्यांनी हा धागा उलटा धरून पाहावा. मराठी कमी झाली ती लोकांना लाज वाटू लागली म्हणून, असे सांगण्यात येते. मला तर वाटते, निम्मी मराठी भाड्याने नेली.

आता सरकारकडे वळू. हैदराबाद महानगर आहे की नाही? उत्तर कोण विचारतो त्यावर ठरते. केंद्र सरकार स्वतःच्या नोकरांना घरभाडे भत्ता देते तेव्हा हैदराबाद मुंबई-दिल्लीच्या बरोबरीने ‘एक्स’ वर्गात असते. परंतु १९६२ च्या आयकर नियमांनी घरभाड्याच्या वजावटीसाठी पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा दिली ती मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चारच शहरांना. हैदराबादला दशकानुदशके ४० टक्क्यांत बसवून ठेवले. म्हणजे बाहेरच्या नोकरदाराला सवलत द्यायची वेळ आली की आम्ही गावकरी! आता ती मर्यादा कितीही वाढवली तरी नव्या करपद्धतीत ही वजावटच मिळत नाही.

उलट बाजू बघा. १ एप्रिल २०१९ पासून परवडणाऱ्या घराला एक टक्का आणि बाकीच्या घरांना पाच टक्के जीएसटी ठरला. परवडणारे घर म्हणजे ४५ लाखांपर्यंतचे. महानगरात चटईक्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत, इतरत्र ९० पर्यंत. या ठिकाणी मात्र हैदराबादचे नाव न चुकता महानगरांच्या यादीत आहे. वरंगळच्या माणसाला ९० मीटर, आम्हाला ६०. घेताना आम्ही महानगर, देताना गाव. एकाच अर्थ मंत्रालयाच्या दोन खिडक्यांवर एकाच शहराचे दोन दाखले!

आणि ही ४५ लाखांची मर्यादा २०१९ ची. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पासून प्राधान्य क्षेत्रातील गृहकर्जासाठी ५० लाख वा अधिक लोकवस्तीच्या शहरांत घराच्या किमतीची मर्यादा वाढवून ६३ लाख केली. घरे महागली हे रिझर्व्ह बँकेला कळते, मग जीएसटी परिषदेला का कळू नये?

२०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा आयकर माफ झाला. चांगले झाले, नाकारत नाही. पण माझ्या यादीत आयकराचा रकाना आहे का? नाही. तो आमचा मोठा खर्च उरलाच नव्हता. खिसा कापला जातो तो घर आणि शाळा या दोन ठिकाणी, आणि तिथे हात घालायला कोणी तयार नाही.

राज्य सरकार हात का घालत नाही, त्याचे कारण उघड आहे. जमिनीचा सर्वांत मोठा व्यापारी सरकारच झाले आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कोकापेटच्या लिलावात सरकारी जमिनीला एकरी १०० कोटी ७५ लाखांपर्यंत भाव आला. एकराचे गज ४,८४०, म्हणजे गजाला दोन लाख आठ हजार. २०२५ मध्ये रायदुर्गच्या लिलावात एकरी १७७ कोटींचा भाव निघाला. पहिला लिलाव एका पक्षाच्या राज्यात, दुसरा दुसऱ्याच्या. दोन्ही वेळी भाव चढला याचा आनंद साजरा झाला. ज्या दुकानदाराला भाव चढला की पेढे वाटावेसे वाटतात, त्याच्याकडे स्वस्त घर मागायचे तर एकट्यादुकट्याने मागून भागत नाही.

शाळेचेही तेच. तमिळनाडूने २००९ साली, महाराष्ट्राने २०११ साली फी नियमनाचा कायदा केला. त्या कायद्यांत फटी आहेत, पण दाद मागायला एक दार तरी आहे. आपल्याकडे प्रा. तिरुपती राव समितीचा अहवाल २०१७ च्या अखेरीस सरकारकडे गेला, आणि त्यानंतर पालक वर्षामागून वर्षे वाढीव पावत्या फाडत राहिले.

यावर आपल्यातल्या काहींचे ठरलेले उत्तर असते, “सगळे फुकट वाटून टाकले, म्हणून आमच्या वाट्याला काही नाही.” हे उत्तर मला मान्य नाही. शहरात अन्नसुरक्षा कार्डाला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दोन लाख आहे. दोन लाखांत हैदराबादेत जगणाऱ्याच्या ताटातला तांदूळ मोजायला जाणे आपल्याला शोभत नाही, आणि तो काढून घेतल्याने आपले भाडे एक रुपयाने उतरणारही नाही. आणखी एक पाहा. २०२३ च्या डिसेंबरपासून महिलांना बसप्रवास मोफत झाला, तेव्हा आपल्याच लेकीसुना त्यात बसल्या. २०२१ मध्ये महापालिका हद्दीत महिन्याला वीस हजार लिटर पाणी मोफत झाले, त्यालाही उत्पन्नाची अट नव्हती. जी सोय सर्वांसाठी होते ती मध्यम पगारवाल्यापर्यंत पोहोचते. म्हणून गरिबाची सोय काढा असे न म्हणता सर्वांसाठी बस, सर्वांसाठी चांगली शाळा, सर्वांसाठी भाड्याचा न्याय्य कायदा मागायला हवा.

“आपले संख्याबळ कुठे आहे? कोण ऐकणार?” असे म्हणून हात झटकणाऱ्यांना एक अलीकडची गोष्ट सांगतो. जुलै २०२४ मध्ये नागपूर विभागातील एलआयसी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने एक निवेदन दिले, विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी काढा म्हणून. नितीन गडकरींनी ते अर्थमंत्र्यांना पत्र लिहून कळवले, आणि प्रश्न देशभर गाजला. मागणी करणारे इतरही पुष्कळ होते. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला, यात कारकुनांच्या त्या कागदाचाही वाटा आहे. त्यांच्याजवळ ना झेंडे होते ना मोर्चे. मुद्दा नेमका होता आणि तो योग्य हातात पोहोचला.

तेव्हा कार्यकारिणीपुढे माझ्या मागण्या अशा:

१. आपल्या सभासद कुटुंबांची घरोघर पाहणी करावी. स्वतःचे घर किती जणांचे, भाडे किती, मुले कोणत्या शाळेत, फी किती. नावे गुप्त ठेवावीत, आकडे जाहीर करावेत. आकड्यांवाचून निवेदन म्हणजे नुसती तक्रार.

२. परवडणाऱ्या घराची ४५ लाखांची मर्यादा वाढवावी व हैदराबादला ९० चौरस मीटरचा लाभ द्यावा, असे निवेदन शहरातल्या प्रत्येक खासदाराला द्यावे.

३. राज्य सरकार जी जमीन लिलावात काढते तिचा ठरावीक हिस्सा लहान, भाड्याच्या घरांसाठी राखावा आणि शाळांच्या फीवर कायद्याचे बंधन असावे, या दोन मागण्यांवर मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडून लेखी उत्तर घ्यावे. उत्तर न देणाऱ्याला गणपतीपुढे शाल मिळू नये.

४. संस्थेने दर रविवारी दोन तास सल्ला केंद्र चालवावे. जुने घर बिल्डरला देण्यापूर्वी करारनामा आपल्यातल्या वकिलाला आणि बँकवाल्याला दाखवता यावा. कर्जाचा आणि वाट्याचा हिशेब मांडायला मी येईन, मोबदला नको.

यातील पहिली आणि चौथी मागणी पूर्ण करायला कोणत्याही मंत्र्याची परवानगी लागत नाही. एक वही, दोन खुर्च्या आणि रविवारची सकाळ पुरे.

१९५६ साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि मराठवाडा पलीकडे गेला, तेव्हा आपले आजोबा-पणजोबा इथेच राहिले. शहर आपले आहे असे मानून राहिले. त्या वेळी त्यांना भाषेवरून कोणी हुसकावले नाही. आज आपल्याला भाषेवरून नाही, भाड्यावरून हुसकावले जात आहे, आणि तेही इतक्या सावकाश की जाणाऱ्यालाही वाटते आपण स्वखुशीनेच निघालो. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय पहिला असावा. भवनाचा विषय दुसरा ठेवला तरी चालेल.

— एक बँक कर्मचारी, काचीगुडा