मागची चाकं सोडण्याआधी

पोराला ड्रिफ्टिंगचा सराव करू द्यावा का, हा प्रश्न दहा वर्षांपूर्वी उमरग्यात कुणी विचारला नसता. आता विचारतात, आणि विचारणारे बाप असतात. दारात नवी थार नाहीतर टर्बो इंजिनाची छोटी गाडी आलेली असते, मुलाला नुकतंच अठरावं सरलेलं असतं आणि त्याच्या मोबाईलमध्ये रोज रात्री कुणीतरी धुरळा उडवत गाडी गोल गोल फिरवत असतं. मुलाचं म्हणणं बापाला खोडता येत नाही, कारण वरवर ते शहाणपणाचंच आहे. गाडी घसरली तर सावरायची कशी हे शिकायचं, तर आधी ती घसरवून बघायला नको का? पोहणं काय काठावर बसून शिकतात?

मी हे म्हणणं हसण्यावारी नेत नाही. उलट त्याच्या बाजूने एक गोष्ट मीच सांगतो. ड्रिफ्टिंगचा जन्म कोट्यवधींच्या गाड्यांमध्ये झालेला नाही. जपानमध्ये 1970 च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी हा शर्यतपटू वळणावर गाडी आडवी घालून बाहेर काढायचा. ते बघून केइची त्सुचिया नावाच्या तरुणाने डोंगरातल्या घाटरस्त्यांवर सराव केला आणि पुढे तोच या खेळाचा राजा म्हणवला गेला. त्याची गाडी होती टोयोटाची एई86, म्हणजे जपानी नोकरदाराला परवडेल अशी साधी गाडी. तेव्हा रोजच्या गाडीत ड्रिफ्टिंग होतच नाही, असं मुलांना सांगायला जाऊ नका. ती तोंडावर पुरावा फेकतील.

पण ती गाडी कशी होती तेही बघू. वजनाने हलकी, बसकी, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांवर. टायरची रस्त्यावरची पकड ठरावीक असते. वळायला, पळायला आणि थांबायला ती एकच पकड वाटून घ्यावी लागते. वळणात असताना मागच्या चाकांना गरजेपेक्षा जास्त जोर दिला की वळण्यासाठी पकड उरत नाही, मागचा भाग बाहेर जायला लागतो, आणि चालक उलटं स्टेअरिंग मारून, ॲक्सिलरेटर कमीजास्त करून गाडीला त्याच तिरप्या स्थितीत धरून ठेवतो. धरून ठेवणं हीच कला. नुसती गाडी फिरवणं कुणालाही जमतं.

आपल्याकडच्या स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी या गाड्यांमध्ये जोर पुढच्या चाकांवर असतो. वळणात जास्त दाबलं तर पुढची चाकं घसरतात आणि गाडी वळायचं सोडून सरळ बाहेर निघते. मग मुलं हँडब्रेक मारतात. मागची चाकं जाम होतात, गाडी गर्रकन फिरते, मित्र ओरडतात, व्हिडिओ तयार होतो. यात सावरण्याचं शिक्षण काय झालं? भर रस्त्यात गाडी घसरेल तेव्हा कुणी हँडब्रेक ओढलेला नसणार. पहिल्या पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर चालक घाबरून ब्रेकवर उभा राहिलेला असेल. दोन्ही घसरण्यांची जातच वेगळी.

मागच्या चाकांवर जोर असलेल्या गाड्या आपल्याकडे आहेत. स्कॉर्पिओ, बोलेरो, थारचं टू-व्हील-ड्राइव्ह मॉडेल, आणि कुणाला हसू येईल, पण ईकोसुद्धा. अडचण अशी की या सगळ्या उंच आहेत. उंच गाडी डांबरावर आडवी घसरली तर एक वेळ निभावेल. पण घसरता घसरता तिचं चाक कशाला अडलं की ती उलटते. अडायला मोठा दगडच लागतो असं नाही. मऊ माती पुरते. आणि आपल्या तालुक्यात मुलं सराव करतात कुठे? पीक काढलेल्या रानात किंवा नव्या प्लॉटिंगच्या मुरमावर. रानात धुरा आहे, उसाची जुनी सरी आहे, एका पावसात चाकाला चिकटणारी काळी माती आहे. गाडी उलटवण्याची सगळी सोय शेतात आधीच करून ठेवलेली असते.

जुलै 2025 मध्ये सातारा जिल्ह्यात जे घडलं ते अनेकांनी मोबाईलवर पाहिलं असेल. पाटण तालुक्यात सडावाघापूरच्या पठाराजवळ टेबल पॉइंट म्हणून जागा आहे. पावसाळ्यात तिथे धुकं, हिरवळ आणि पर्यटकांची झुंबड असते. एका तरुणाने ओल्या गवतावर गाडी गरगर फिरवली, गाडी कड्याकडे घसरत गेली आणि सुमारे 300 फूट खोल दरीत कोसळली. तो वाचला, पण गंभीर जखमी झाला. व्हिडिओ बघून बहुतेकांनी 'मस्ती' एवढाच शेरा मारला. मला त्यात दुसरं दिसलं. ओल्या गवतावर टायरला पकड जवळजवळ नसतेच. ती सुटली की चालकाच्या हातात स्टेअरिंग असतं खरं, पण गाडी उताराचं ऐकते. त्सुचियाला तिथे बसवला असता तरी त्याने फार तर गाडीचं तोंड कुठे असावं एवढं ठरवलं असतं.

आता बापमंडळी म्हणतील, मग नीट जागेवर, नीट माणसाच्या हाताखाली शिकू दे. इथेच खरी गंमत आहे, आणि ती युरोपातल्या बर्फाळ देशांनी आपल्या आधी अनुभवली आहे. नॉर्वेसारख्या देशात रस्ते वर्षातले कितीतरी महिने निसरडे. तिथे नवशिक्यांना घसरड्या ट्रॅकवर नेऊन गाडी सावरायला शिकवायची पद्धत सुरू झाली. यापेक्षा सरळ उपाय कोणता? पण 1980 च्या दशकात तिथे अभ्यास झाला तेव्हा दिसलं की शिकून आलेल्या तरुण मुलांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढले होते. स्वीडनमध्ये निल्स पेटर ग्रेगरसेन या संशोधकाने 1996 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना घसरत्या गाडीवर ताबा मिळवण्याचं कसब शिकवलं. दुसऱ्यांना एवढंच दाखवून दिलं की अशा वेळी तुमचा ताबा किती लवकर सुटतो. नंतर चाचणी घेतली तर दोघांच्या प्रत्यक्ष कौशल्यात फरक नव्हता. फरक होता तो स्वतःबद्दलच्या मतात. कसब शिकलेले स्वतःला जास्त तरबेज समजत होते.

यात नवल ते काय? रॅलीचा चालक वर्षानुवर्षं हेच करत असतो, म्हणून त्याचे हात डोक्याच्या आधी चालतात. पुण्याचे संजय टकले आशियातल्या रॅल्यांमध्ये गाडी पळवतात ती चार रविवारच्या जोरावर नव्हे. चार रविवार सराव केलेल्या मुलाचे हात तेवढे तयार होत नाहीत, पण धाडस मात्र पहिल्या रविवारीच तयार होतं. मग जिथे तो पूर्वी साठने वळायचा तिथे ऐंशीने वळतो, कारण घसरलीच तर सावरू, असा त्याचा हिशेब असतो. स्वीडनने 1999 मध्ये घसरड्या ट्रॅकवरच्या अभ्यासक्रमाचा रोखच बदलला. ट्रॅक ठेवला, पण तिथून पोरगं शेर होऊन परतण्याऐवजी थोडं घाबरून परतावं अशी आखणी केली.

म्हणून माझं उत्तर असं आहे की सराव नको, अनुभव हवा. एकदा, जाणत्या माणसासोबत, मोकळ्या आणि सपाट जागेवर, कमी वेगात. गाडी हातातून जाते म्हणजे काय होतं हे कमरेला कळलं पाहिजे. ते पुन्हा पुन्हा करून त्यात वाकबगार झाल्याचा भास मात्र नको.

सराव करायचाच असेल तर करण्यासारखी दुसरी गोष्ट आहे, पण तिचा व्हिडिओ कुणी बघणार नाही. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत एबीएस आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ नये म्हणून ही यंत्रणा ब्रेक क्षणाक्षणाला सोडते आणि पुन्हा धरते. त्या वेळी पायाखालचा पेडल थरथरतो, खडखडतो. आयुष्यात पहिल्यांदाच तो थरकाप जाणवला की काही तरी तुटलं असं वाटून माणूस पाय उचलतो, नेमका उचलू नये त्या क्षणी. खरं तर पाय दाबूनच ठेवायचा आणि स्टेअरिंग फिरवून अडथळा चुकवायचा. मोकळ्या जागेवर, मागेपुढे कुणी नसताना, चाळीसच्या वेगाने हे करून बघा. मुलाला सांगण्याआधी बापाने करून बघावं. वीस-वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसांनी एकदाही पूर्ण ताकदीने ब्रेक दाबलेला नसतो.

आपल्या रस्त्यांवर उपयोगी पडेल ते हेच. पुण्याहून सोलापूर, उमरगा, हैदराबाद करत मच्छलीपट्टणपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग 65 आपल्या दारातून जातो. त्याच्या सोलापूर ते राज्याच्या सीमेपर्यंतच्या चौपदरीकरणाची रखडपट्टी हा वेगळ्या लेखाचा, खरं तर वेगळ्या ग्रंथाचा विषय. कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर रात्री मागच्या दिव्याशिवाय चाललेले असतात. पडलेला ऊस चाकाखाली चिरडून रस्ता ओलसर चिकट होतो. पावसाळ्यात रानातून निघालेला ट्रॅक्टर पन्नास मीटर डांबरावर काळा चिखल सांडत जातो. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यात दुचाकीवरची 44 टक्क्यांहून जास्त, आणि मृत्यूचं नोंदवलेलं सगळ्यात मोठं कारण अतिवेग. समोर अचानक मोटारसायकल आली तर तिरपी गाडी सुंदर धरून ठेवण्याचं कसब काही कामाचं नाही. दहा किलोमीटरने कमी असलेला वेग कामाचा आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण कायदा ऐकून कुणी गाडी हळू चालवल्याचं मी पाहिलेलं नाही. लोकांना जायचा-यायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा मोटार वाहन कायद्याच्या लेखी सार्वजनिक असते, त्यामुळे रिकाम्या प्लॉटिंगमधला रस्ता 'आपलाच आहे' म्हणून सुटका नाही. मुलगा अठराच्या आतला असेल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विम्याच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ड्रिफ्टिंग त्यात बसतं की नाही यावर भांडायला कंपनीकडे वकील असतो, आपल्याकडे नसतो.

तरीही मी निव्वळ नकारघंटा वाजवणार नाही. ज्या मुलाला हा खेळ म्हणून खरोखर खेळायचा आहे, त्याचं काय? 1993 च्या भूकंपानंतर आपल्या भागात नवी गावं वसवली, त्यांचे रस्ते जुन्या गावांच्या मानाने रुंद आणि सरळ आहेत. मुलं तिकडे गाड्या घेऊन जातात, कारण जाण्यासारखी दुसरी जागाच नाही. नाशिकला राष्ट्रीय मालिकेतली रॅली झालेली आहे, कोइंबतूर आणि चेन्नईला ट्रॅक आहेत. आपल्याला सगळ्यात जवळची मोठी शर्यत झाली ती याच महामार्गावर पुढे, 11 फेब्रुवारी 2023 रोजी हैदराबादेत हुसेनसागरच्या काठी. फॉर्म्युला ई, विजेवरच्या गाड्यांची. पुढच्या वर्षीची शर्यत मात्र तेलंगणातलं सरकार बदलल्यावर रद्द झाली.

आपल्या बैलगाडा शर्यतीचं बघा. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर बंदी आणली. गावोगाव आंदोलनं झाली, विधिमंडळाने कायदा बदलला, 16 डिसेंबर 2021 रोजी अटींवर परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो कायदा मान्य केला. आता शर्यत घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावरांचा डॉक्टर लागतो, चाबकावर बंदी आहे. बैलाच्या अंगाला इजा होऊ नये म्हणून महाराष्ट्राने एवढी वर्षं खर्ची घातली, ते योग्यच केलं. अठरा वर्षांच्या पोरासाठी त्यातला दहावा हिस्सा कुणी केला? एक सपाट मैदान, कडेने टायरांची भिंत, हेल्मेट, एक रुग्णवाहिका आणि शिट्टी मारून थांबवणारा माणूस, एवढ्यावर ऑटोक्रॉसची स्पर्धा होते. मोटार शर्यतींची मान्यताप्राप्त राष्ट्रीय संघटना आहे, तिचे नियम छापलेले आहेत. लातूर, सोलापूर, धाराशिव यांच्यात मिळून वर्षातून दोनदा असं मैदान भरवणं अशक्य नाही.

तिथे येणाऱ्या मुलाला माझी एकच अट असेल. गाडी बापाची चालेल, पण टायर त्याने स्वतःच्या कमाईतून घातलेले असावेत. ड्रिफ्टिंगमध्ये मागच्या टायरांची जोडी एका दुपारीत संपू शकते, आणि जिची पावती स्वतःच्या नावावर आहे ती जोडी कुठे जाळायची याचा विचार माणूस नीट करतो.