वाफवलेली भाजी : पथ्य की दुष्काळ?

‘तेल कमी करा, भाज्या वाफवून खा,’ असा उपदेश हल्ली जो तो करीत असतो. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातही तो ऐकायला मिळाला. उपदेश खोटा नाही. भाजी उकळून पाणी ओतून दिले की त्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्व आणि ब गटातली काही जीवनसत्त्वे मोरीत जातात. वाफेवर भाजी पाण्यात बुडतच नाही, त्यामुळे ही गळती पुष्कळ कमी होते. शास्त्र सरळ आहे. पण मित्रहो, ज्या घरात हा उपदेश जाऊन पडतो, त्या घरातल्या तेलाच्या बरणीत उपदेशकाने कधी डोकावले आहे काय?

दिवाळीच्या सुटीत मी घरी हा प्रयोग करून पाहिला. मोदकपात्र आमच्याकडे नाही. पातेल्यात दोन पेले पाणी, त्यावर भोकांची चाळणी, वर घट्ट झाकण. फ्लॉवर, गाजर, लाल भोपळा आणि गवार. फ्लॉवर लवकर शिजला, गवार वेळ घेत बसली. रंग मात्र सगळ्यांचा टवटवीत राहिला. वरून मीठ आणि लिंबू.

आजीने एक फोड तोंडात टाकली आणि विचारले, “त्याल सरलं का गं घरातलं?”

त्या प्रश्नात १९७२ साल होते. त्या दुष्काळात आजी नवी सून होती. खडी फोडायच्या कामावर ती जाई. मिलोची लाल भाकरी, सुकडी आणि मिळेल तो पाला मिठात शिजवून, हे तिचे जेवण. बिनतेलाची भाजी म्हणजे तिच्या लेखी ते साल. आमच्या भागात रश्श्यावर तवंग नसला तर पाहुणा मनात काय म्हणेल, याची अजून धास्ती असते. तेल हा आमच्या घरांत जिभेचा चोचला नाही, तो मान आहे. दोन पिढ्यांनी मोठ्या कष्टाने मिळवलेली वस्तू तिसऱ्या पिढीने कॉलेजात जाऊन ‘अपायकारक’ ठरवावी, हे आजीला कसे रुचावे?

आणि आजीची बाजू नुसती भावनेची नाही. एक ग्रॅम तेलातून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, तेवढ्याच पिष्टातून ४. दिवसभर खुरपणी करणाऱ्या माझ्या आईला आणि खुर्चीवर बसून पोट वाढलेल्या माणसाला एकच सल्ला कसा लागू पडेल? शिवाय गाजर-भोपळ्यातले कॅरोटिन अंगी लागायला थोडी स्निग्धता लागतेच. म्हणजे कोरडी वाफवलेली भाजी शास्त्राच्या हिशेबानेही अर्धीच!

म्हणून वाफ टाकून द्यावी असे मी म्हणत नाही. वाफ आपली आहे. झाकणावर पाणी ठेवून भाजी शिजवणारी कोणतीही बाई ‘एक वाफ येऊ दे’ म्हणते, ते काय परदेशातून आले? नागपंचमीला तवा ठेवायचा नाही म्हणून आम्ही पुरणाची दिंडे वाफेवरच उकडतो. त्यांना कोणी दुष्काळाचे खाणे म्हणत नाही, कारण त्यांवर तुपाची धार असते. (खरे सांगायचे तर ती धार हल्ली हात आखडूनच पडते.)

तेव्हा माझे म्हणणे एवढेच : शिबिरात व्याख्यान देणाऱ्यांनी आधी विचारावे, तुमच्या घरात माणसे किती, महिन्याला तेल किती आणि काम कसले? तेल कमी करायचे की पुरवायचे, ते उत्तर ऐकून सांगावे. वाफ दोन्हीकडे चालेल.

दुसऱ्या दिवशी आईने गवार वाफेवर ठेवली आणि वरून एक पळी तेलाची लसणाची फोडणी दिली. सगळ्यांनी भाकरीबरोबर मागून मागून खाल्ली. फ्लॉवरचे मात्र आजीला अजून पटलेले नाही. तो तिला तर्रीतच हवा.