दिवस कलताना गोठ्याकडे वळणारे यंत्र



गावाकडे चरायला सोडलेली गाय दिवस कलला की आपली आपण गोठ्याची वाट धरते. कोंबड्या अंधार पडायच्या आत खुराड्यात शिरतात. यंत्राचे तसे नसते. मोबाईलची बॅटरी उतरली की तो आहे तिथे मुका पडून राहतो. माणसानेच उठून वायर लावावी लागते. मग बॅटरी संपत आल्याचे ओळखून, काम थांबवून, स्वतःच चार्जिंगच्या जागी जाऊन उभा राहणारा यंत्रमानव कसा बनवायचा? सानपाड्यातील काही मुलामुलींना विज्ञान प्रदर्शनासाठी असा रोबो करायचा आहे. त्यांनी आम्हाला विचारले. उत्तर सर्वांच्याच उपयोगाचे आहे, म्हणून आजचा मजकूर त्यावर.

हा प्रश्न आजकालचा नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात ग्रे वॉल्टर नावाचे मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९४८-४९ च्या सुमारास तीन चाकांची दोन यांत्रिक कासवे तयार केली. एकाचे नाव एल्मर, दुसऱ्याचे एल्सी. त्या काळी आजच्यासारख्या चिप नव्हत्या. प्रत्येक कासवात दोन व्हॉल्व्ह, प्रकाश ओळखणारा एक डोळा आणि धक्का लागल्याचे कळणारे एक कवच, एवढाच संसार. दातेरी चाके जुन्या घड्याळांतून आणि गॅसच्या मीटरमधून काढलेली. थोडक्यात, भंगारातून विज्ञान उभे राहिले.

कासवाचे खुराडे होते आणि त्यात दिवा लावलेला असे. बॅटरी भरलेली असताना कासव मंद प्रकाशाकडे जाई, पण प्रखर प्रकाश समोर आला की तोंड फिरवी. बॅटरी उतरू लागली की त्याच्या डोळ्याची तीक्ष्णता कमी होई. मग खुराड्यातला तोच दिवा त्याला सोसू लागे आणि ते आत शिरे. आत विजेचे संपर्क जुळत, बॅटरी भरू लागे. भरली की तोच दिवा पुन्हा डोळ्यांना खुपे आणि कासव बाहेर पडे. १९५१ साली लंडनच्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ प्रदर्शनात अशी कासवे लोकांनी पाहिली. पुढे १९६० नंतरच्या काळात अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एक यंत्र बनले. ते बोळातून फिरे आणि भिंतीवरचा प्लगचा सॉकेट शोधून त्यात स्वतःच पिन खुपसे. आज घराची फरशी झाडणारी यंत्रे विकत मिळतात, त्यांच्या मागे ही परंपरा आहे.

आता आपल्या मुलांच्या यंत्राकडे वळू. यात तीन कामे आहेत : भूक ओळखणे, वाट शोधणे आणि नेमके जुळणे.

पहिले काम भुकेचे. मोबाईलच्या लिथियम बॅटऱ्या चुकीच्या पद्धतीने चार्ज झाल्या तर फुगतात, पेट घेतात. त्यामुळे शाळकरी मुलांनी निकेल-मेटल हायड्राइडचे, पेन्सिल सेलच्या आकाराचे, पुन्हा चार्ज होणारे सेल घ्यावेत. एक सेल साधारण १.२ व्होल्टचा. सहा सेल ओळीने जोडले की ७.२ व्होल्ट. व्होल्ट ६.६ वर आले की यंत्राने घराकडे वळावे आणि ६ च्या खाली कधीही जाऊ नये. आर्डुइनोसारखे साधे बोर्ड ५ व्होल्टपर्यंतच मोजते. म्हणून दोन सारखे रोधक लावून व्होल्ट निम्मे करून मोजावेत.

इथे एक फसगत ठरलेली. मोटर चालू होते त्या क्षणी बॅटरीचे व्होल्ट एकदम खाली बसतात आणि मग सावरतात. त्या एका क्षणाच्या आकड्यावर विश्वास ठेवला तर पोट भरलेले यंत्रही भुकेले समजून परत फिरेल. त्यामुळे दहाएक सेकंदांची सरासरी काढूनच निर्णय घ्यावा. शिवाय परतीच्या वाटेलाही वीज लागते. यंत्र सर्वांत लांबच्या कोपऱ्यात ठेवून, घड्याळ लावून, परतायला किती वेळ लागतो ते पाहावे आणि त्याच्या दुप्पट शिल्लक ठेवावी. महिनाअखेरीला पगार व्हायच्या आधी डब्यात चार पैसे राखून ठेवणाऱ्या आमच्या भगिनींना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरे काम वाटेचे. टीव्हीच्या रिमोटमधून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश निघतो. तसेच दोन दिवे चार्जिंगच्या जागेवर लावावेत, मध्ये काळ्या पुठ्ठ्याची उभी भिंत करावी. डावा दिवा एक खूण पाठवील, उजवा दुसरी. यंत्राला फक्त डावी खूण दिसली तर ते डावीकडे सरकले आहे, फक्त उजवी दिसली तर उजवीकडे. दोन्ही दिसल्या की ते बरोबर मध्यावर आहे, सरळ पुढे यावे. खूण वाचायला टीव्हीत असतो तसाच छोटा रिसीव्हर चालतो. दिवा लागला की नाही हे मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहावे, बहुतेक कॅमेऱ्यांत तो जांभळट चमकताना दिसतो.

तिसरे काम दिसायला सोपे, पण मुलांना खरा घाम तेच फोडते. शेवटच्या चार बोटांत यंत्र थोडे तिरपे येते आणि संपर्क जुळत नाही. उपाय सुताराचा आहे. चार्जिंगच्या जागेला दोन्ही बाजूंनी आत निमुळत्या होत जाणाऱ्या फळ्या लावाव्यात, म्हणजे तिरपे आलेले यंत्र त्यांना घासून सरळ होते. तांब्याच्या पट्ट्या रुंद ठेवाव्यात आणि त्यांच्यामागे स्प्रिंग द्यावी. यंत्राच्या बाजूला डायोड बसवावा, नाहीतर उघड्या पट्टीला लोखंड लागून बॅटरीचे शॉर्टसर्किट होईल. घरातली २३० व्होल्टची वीज या पट्ट्यांपर्यंत कधीही आणू नये, तयार ॲडाप्टरची १२ व्होल्टची वीजच वापरावी. २००० मिलिॲम्पियर-तासाचे सेल २०० मिलिॲम्पियरच्या संथ प्रवाहाने १४ ते १६ तासांत भरतात. प्रवाह मर्यादेत ठेवणारा रोधक शिक्षकांसमोर मोजून बसवावा. आणि व्होल्ट थोडे वर आले की लगेच यंत्राने कामाला पळू नये, पूर्ण वेळ भरल्यावरच निघावे.

सुट्या भागांसाठी सानपाड्याहून हार्बरची गाडी धरावी, कुर्ला आणि दादरला बदलून ग्रँट रोडला उतरावे. तिथला लॅमिंग्टन रोड या सामानासाठी प्रसिद्ध आहे. पवईच्या आय.आय.टी.चा ‘ई-यंत्र’ प्रकल्प महाविद्यालयीन मुलांना रोबोटिक्स शिकवतो. पुढे शिकू इच्छिणाऱ्यांनी ते नाव लक्षात ठेवावे.

हे सर्व समजावून सांगत असताना एका मुलाची आई शेजारी बसून ऐकत होती. ती एका कार्यालयात ठेकेदाराकडून साफसफाईचे काम करते. ती म्हणाली, “आमच्याकडं फरशी पुसायचं मशीन आणलंय. ते दमलं की जाऊन भिंतीला टेकतं, त्याला कुणी काही बोलत नाही. आम्ही टेकलो की सुपरवायझर येतो.”

आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. पण तिच्या बोलण्यात या यंत्राचे मर्म आले होते. यंत्राला विसावा मिळतो, कारण तो दिला नाही तर बॅटरी खराब होते, हे बनवणाऱ्याला ठाऊक असते. तो आकडा आधीच यंत्रात लिहून ठेवतो. माणसासाठी असा आकडा लिहून घ्यायला लढावे लागले. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची कायदादुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीत पुढे आली. १९४८ च्या कारखाना कायद्यात सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती लिहिली गेली. दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगारांना बसण्याचा हक्क केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली कायद्याने दिला.

यंत्र आले म्हणून आपली नोकरी जाईल, ही भीती त्या माऊलीच्या मनात होती. ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. फरशी पुसण्याचे काही काम यंत्राकडे जाईल. पण ते यंत्र बनवणारे, दुरुस्त करणारे, त्यात आकडे लिहिणारे हातही लागतील. ते हात आमच्या वस्तीतल्या मुलामुलींचे का असू नयेत? मुलींना आम्ही मुद्दाम सांगतो, सोल्डरिंगची बंदूक हातात घ्यायला भिऊ नका.

प्रदर्शनात यंत्र मांडाल तेव्हा शेजारी पाटी लावा. तिच्यावर यंत्र किती व्होल्टला परतते आणि किती तास विसावते, हे दोन आकडे लिहा. मग घरी आईला आणि बाबांना विचारा, कामावर सलग किती तास उभे राहिल्यावर तुम्हाला बसायला मिळते? तो तिसरा आकडाही त्याच पाटीवर लिहा. पाहायला येणारे लोक तिन्ही आकडे वाचतील.